फॅट बर्नरचा डबा : घरच्या ग्रुपवर

वहिनी: फॅट बर्नरचा डबा आणलाय. जिमच्या ट्रेनरने सांगितलंय, सकाळी उपाशीपोटी दोन कॅप्सूल. सील अजून फोडलेलं नाही. कुणी घेतलंय का असं काही? खरंच चरबी उतरते का?

मामा: घे बिनधास्त. मी गेल्या वर्षी एक पावडर घेत होतो, आठवड्यात अडीच किलो उतरले.

मी: मामा, ती चरबी नव्हती रे. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. अडीच किलो म्हणजे 19,000 च्या वर. आठवडाभर तू काहीच खाल्लं नसतंस तरी एवढी तूट पडली नसती. सारखं पोट साफ होत होतं का?

मामा: हो की. दिवसातून तीन-चारदा. पावडर बंद केल्यावर दहा दिवसांत काटा परत जागेवर. मला वाटलं माझंच पथ्य मोडलं.

मी: पाणी गेलं आणि पाणीच परत आलं. तुझं काही चुकलं नव्हतं.

आत्या: मी हे आजवर कुणाला बोलले नव्हते. चार वर्षांपूर्वी ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ लिहिलेल्या गोळ्या घेतल्या होत्या. भूक पार मेली, कपडे सैल झाले, मी खूश. पण रात्र रात्र छाती धडधडायची, झोप नाही. बीपीची गोळी चालू असताना बीपी चढलं. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घेता का? मी नाही म्हटलं. त्या गोळ्यांना मी औषध समजतच नव्हते.

काका: अगं, निदान मला तरी सांगायचंस.

मी: आत्या, तुझ्या गोळ्यांत काय होतं ते तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पण दुकानात औषधं देताना मला याच प्रकाराची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. सिब्युट्रामाइन नावाचं भूक मारणारं औषध होतं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर 2010 मध्ये अमेरिका-युरोपातून ते काढून घेतलं. त्यानंतरही ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते गुपचूप मिसळलेलं वारंवार सापडलंय. म्हणून एखादी ‘नैसर्गिक’ गोळी फार झटपट गुण देते म्हटलं की मला आधी शंका येते. आणि वनस्पती म्हणजे निर्धोक असंही नाही. एफेड्रा वनस्पतीच होती, 2004 मध्ये अमेरिकेत सप्लिमेंटमधून, म्हणजे अशाच पूरक गोळ्या-पावडरींतून, तिच्यावर बंदी आली.

दादा: मग हे विकायला परवानगी कशी मिळते?

मी: औषधासारखी तपासणी होत नाही. अमेरिकेत 1994 च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी गुण येतो हे सिद्ध करावंच लागत नाही. वहिनी, डब्यावर काय लिहिलंय ते टाक ना.

वहिनी: ग्रीन टी अर्क, गार्सिनिया, एल-कार्निटीन, कॅफीन. खाली ‘प्रोप्रायटरी ब्लेंड 1,200 मिग्रॅ’.

मी: म्हणजे एकूण वजन सांगितलंय, कशाचं किती ते नाही. माझा पहिला आक्षेप तिथेच आहे.
गार्सिनिया म्हणजे कोकमाच्या जातीच्या फळाचा अर्क. त्याची 1998 मध्ये 135 जणांवर 12 आठवडे चाचणी झाली होती. निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना नुसती दिखाऊ. दोन्ही गटांना आहार सारखाच. वजन दोघांचंही उतरलं, कॅप्सूलवाल्यांचं जास्त नाही. फरक पडला तो आहारामुळे, आणि असं झालं की श्रेय मात्र डब्याला जातं.
कार्निटीन शरीर स्वतःच तयार करतं. वरून घेतल्याने झालाच तर किलोभराचा फरक. कॅफीनने थोडा वेळ ऊर्जा जास्त खर्च होते, पण शरीर त्याला सरावतं.
ग्रीन टी अर्काचं मात्र नीट वाच. चहा पिणं वेगळं आणि अर्क वेगळा. त्यातला ईजीसीजी नावाचा घटक दिवसाला 800 मिग्रॅ किंवा त्याहून जास्त गेला तर काहींच्या यकृताला सूज येऊ शकते, आणि उपाशीपोटी तो रक्तात जास्त उतरतो. ट्रेनरने नेमकं उपाशीपोटीच घ्यायला सांगितलंय.

काका: आणि प्रोटीन पावडर?

मी: ती चरबी जाळत नाही, काका. प्रोटीनने पोट भरल्यासारखं राहतं, वजन उतरताना स्नायू टिकतात, आणि त्यातल्या 20 ते 30 टक्के कॅलरी पचनातच खर्च होतात. पण जेवणातून पुरेसं मिळत असेल तर पावडर कशाला? मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

दादा: ती वजनाची इंजेक्शनं?

मी: ती औषधं आहेत, सप्लिमेंट नव्हेत. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या 68 आठवड्यांच्या चाचणीत सरासरी 15 टक्के वजन उतरलं होतं. पण कुणाला द्यायची ते डॉक्टरच ठरवणार.

वहिनी: एक सांगायचं राहिलं. बाळ अजून अंगावर पितंय.

मी: मग अजिबात नको, वहिनी. कॅफीन दुधातून बाळाला जातं, आणि बाकीचं किती आहे ते डब्यावरच नाही.

आत्या: अगं, आठ महिन्यांचं बाळ, रात्रीची जागरणं. एवढी घाई कशाची? संध्याकाळी मी बाळाजवळ बसते, तू फिरून ये.

वहिनी: उद्यापासूनच या आत्या, सहा वाजता. डबा सीलबंदच आहे, परत घेतात का ते विचारते.

काका: आणि हिला मी सोमवारी डॉक्टरांकडे नेतो. त्या गोळ्यांचं तेव्हा सांगायचं राहिलं ते आता सांगेल.

आत्या: सांगते. रिकामी बाटली अजून कपाटात आहे, तीही नेते.