मदत हवी आहे: दिमोनातल्या गिरणी कामगारांच्या आठवणी

नमस्कार मंडळी. इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या दिमोनावर एक लेख लिहितेय. 1955 मध्ये सरकारनं हे गाव अक्षरशः माळरानावर वसवलं. आधी मोरोक्कोसारख्या उत्तर आफ्रिकी देशांतले ज्यू आले, पुढे आपल्या कोकणातले, मुंबईतले बेने इस्रायलीही. पोटापाण्याला मृत समुद्राकाठचे खनिज कारखाने आणि कितानसारख्या कापडगिरण्या. (अणुकेंद्र जवळच आहे, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.) नव्वदीच्या दशकात आयात खुली झाली, शिवणकाम जॉर्डन-इजिप्तकडे गेलं आणि गिरण्यांना उतरती कळा लागली. गिरणगावाची आठवण येतेच, पण तिथे संप आणि जमिनीचे भाव होते. इथे जमिनीला कोण विचारतो?

मला हवंय ते असं: मुंबईच्या गिरण्यांत काम केलेलं कुणी दिमोनाच्या गिरणीत लागलं होतं का? पाळीत मराठी बोललं जायचं का? गिरणी बंद पडल्यावर माणसं तिथेच राहिली की बीरशेबा, अश्दोदकडे गेली? तुमच्या नात्यात कुणी असेल तर कृपया कळवा. जुनी पत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या, फोटो, काहीही चालेल. हिब्रू मला वाचता येत नाही, तेवढी मदत करणारं कुणी भेटलं तर फारच बरं.