टॅम डिएल : ‘हौशी बंडखोर’ म्हणे!

काथ्याकुटे
ब्रिटिश खासदारांच्या कामगिरीवर परवा चाललेल्या चर्चेत ‘शेलारखिंड’ यांनी जाता जाता पिंक टाकली : “टॅम डिएल ४३ वर्षं खासदार होता, मंत्री एक दिवसही नाही. वाड्यात मोर पाळणारा, ईटनच्या बड्यांच्या शाळेत शिकलेला हौशी बंडखोर. स्कॉटलंडमधल्या वेस्ट लोदियनच्या कामगाराला त्याचा काय उपयोग?” दोन ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा.

ईटन खरं, वाडा खरा, मोरही खरे. केंब्रिजात तर हा गडी हुजूर पक्षाच्या विद्यार्थ्यांचा अध्यक्ष होता. पण १९५६ च्या सुएझ युद्धानंतर मजूर पक्षात गेला, बोनेसच्या शाळेत मास्तरकी केली, आणि १९६२ च्या पोटनिवडणुकीत खाणकामगारांच्या मतदारसंघाने त्याला जे निवडून दिलं ते थेट २००५ पर्यंत. (१९८३ ला मतदारसंघाचं लिन्लिथगो झालं, खासदार तोच.) स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यवादी पक्षाचे, एसएनपीचे बिली वुल्फ पुन्हा पुन्हा उभे राहिले, पुन्हा पुन्हा पडले. मतदार एवढी वर्षं झोपेत होते का?

आता ‘उपयोग’. १९६७ साली हिंदी महासागरातल्या अल्दाब्रावर, म्हणजे राक्षसी कासवांच्या बेटावर, ब्रिटिश हवाई दलाला धावपट्टी हवी होती. शास्त्रज्ञ ओरडत होतेच, टॅमने संसदेत प्रश्नांवर प्रश्न टाकून संरक्षण खात्याला बेजार केलं. त्या नोव्हेंबरात पौंडाचं अवमूल्यन झालं आणि बेत गुंडाळला गेला. मंत्रिपदच हवं असतं तर अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंड युद्धाच्या वेळी गप्प बसायचं होतं. तो बसला नाही, आणि पक्षनेता मायकेल फूटने त्याला विज्ञान प्रवक्तेपदावरून काढलं. ही हौस?

शेलारखिंड
एक वाक्य एवढं झोंबलं? इनो पाठवू का?

कासवं वाचली, छान झालं. त्याच समुद्रातल्या दिएगो गार्सिया बेटावरची माणसं मात्र बोटीत घालून हाकलली आणि धावपट्टी तिथे झाली. अर्जेंटिनाची युद्धनौका बेलग्रानो ब्रिटिश पाणबुडीने बुडवली २ मे १९८२ ला, ३२३ माणसं गेली, वाईटच. पण ती घराकडे निघाली होती हा टॅमचा हुकमी एक्का. तिचे कप्तान बोन्झो यांनीच पुढे सांगितलं की ती माघार तात्पुरती होती. आणि हा मनुष्य पाणबुडीची लॉगबुकं हुडकत होता त्याच वर्षांत बाथगेटचा लेलँडचा ट्रक कारखाना आचके देत होता. १९८६ ला कुलूप. बाथगेट कुठे येतं ते जरा नकाशात बघा, टॅमच्याच मतदारसंघात.

लिव्हिंग्स्टनकर
बाथगेट बघायला मला नकाशा लागत नाही, मी बसने जातो.

आमचं घर ज्या म्हाताऱ्याकडून घेतलं तो त्या कारखान्यात होता. घराच्या किल्ल्या देताना चहा पाजला आणि तासभर बोलत बसला. टॅमला यथेच्छ शिव्या घातल्या. “युद्ध कुठे चाललंय आणि हा कुठे बोंबलतोय,” वगैरे. मग मत कुणाला द्यायचास विचारलं, तर म्हणे टॅमलाच, दुसरं कोण होतं? पत्राला उत्तर देतो आणि रस्त्यात दिसला की थांबतो, एवढं पुरे होतं त्याला. लेलँड सगळ्या देशात मोडीत निघालेली, एका खासदाराने काय दोरखंड बांधून ओढून धरायची होती?

काथ्याकुटे
+१. आणि शेलारखिंड, दिएगो गार्सियाच्या तळाचा अमेरिकेशी करार १९६६ चा, अल्दाब्रा रद्द व्हायच्या आधीचा. कासवांच्या बदल्यात माणसं दिली हे तुमचं कैच्याकै आहे.

बेलग्रानोत मुद्दा दिशेचा नव्हताच, थापेचा होता. सरकारने संसदेला काय सांगितलं आणि कागदांत काय होतं, हा. संरक्षण खात्यातल्या क्लाइव्ह पाँटिंगने कागद पाठवले ते टॅमला. खटला भरला, न्यायाधीशाचा कल उघड दिसत असूनही ज्युरीने १९८५ ला पाँटिंगला सोडलं. थॅचरबाईंना खोटारडी म्हटल्याबद्दल सभागृहाबाहेर काढलं तरी टॅम परत येऊन तेच विचारायचा. खासदाराचं काम आणखी वेगळं काय असतं?

टायनकाठी
अवांतराबद्दल क्षमस्व, पण ‘वेस्ट लोदियन प्रश्ना’चं नावच नाही? नोव्हेंबर १९७७. स्कॉटलंडला वेगळी विधानसभा दिली तर मी लँकेशरमधल्या ब्लॅकबर्नच्या कारभारावर मत देणार, पण माझ्याच मतदारसंघातल्या ब्लॅकबर्नवर नाही, हे किती दिवस चालणार? बारसं खासदार इनॉक पॉवेलने केलं. उत्तर कुणीच दिलं नाही.

भोगतो आम्ही. २७ जानेवारी २००४, पंतप्रधान ब्लेअरचं विद्यापीठांच्या फीवाढीचं विधेयक ३१६ विरुद्ध ३११ ने निभावलं, स्कॉटिश खासदारांच्या जिवावर. फी वाढली इंग्लंडच्या पोरांची! माझी मुलगी इंग्लंडातल्या न्यूकॅसलहून दीड तासावर, स्कॉटलंडात शिकायला गेली. वर्षाला ९,२५० पौंड. बाकावर डावीकडे स्कॉटलंडातल्याच फॉल्कर्कचा मुलगा, फुकट. उजवीकडे म्युनिकची मुलगी, तीही फुकट!! मधे आमची, कर्ज काढून.

आर्थरसीटवाला
आलं का पुन्हा ‘फुकट’! स्कॉटिश मुलांची फी सरकार भरतं म्हणून त्यांच्या जागा मोजून ठरवलेल्या असतात. आमच्या चिरंजीवांना हवे तेवढे गुण होते, जागा नव्हती. त्याच अभ्यासक्रमाला फी भरणारे बाहेरचे मात्र आत. शेवटी पोरगा इंग्लंडात लीड्सला गेला, आणि तिथे आम्हीही तेवढीच फी मोजली. तुमच्या मुलीला निदान प्रवेश तरी मिळाला.

टायनकाठी
म्हणजे आता आम्हीच तुमच्या मुलाची जागा खाल्ली? वा! पैसे आम्ही भरायचे आणि वर ऐकूनही आम्हीच घ्यायचं. पोटच्या पोराला प्रवेश मिळाला नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरीवर घसरू नका.

आर्थरसीटवाला
घसरलं कोण, वर जाऊन वाचा. डावी-उजवीकडची पोरं तुम्ही मोजलीत.

वऱ्हाडी_ठेचा
भांडा भांडा, आम्ही खारे दाणे घेऊन बसलोय.
बाकी हा प्रश्न आपल्याकडेही होताच. काश्मीरचे खासदार २०१९ पर्यंत लोकसभेत मत द्यायचे, आणि संसदेचे कितीतरी कायदे तिकडे आपोआप लागू होत नसत. कुणाची झोप उडाली नाही. तिथे एकच टॅम निघाला आणि आजवर डोकी फुटताहेत.

शेलारखिंड
झोप उडवून निघालं काय? २०१५ ला फक्त इंग्लंडपुरत्या कायद्यांवर इंग्लिश खासदारांना नकाराधिकार दिला, २०२१ ला गुपचूप काढूनही टाकला. स्वायत्तता म्हणजे स्वातंत्र्याकडे जाणारा, मधे उतरायला वाट नसलेला हमरस्ता, असं टॅम सांगत फिरायचा. २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात ५५ टक्के लोक मधेच उतरले की.

आणि २००३ विसरलात? ब्लेअरभोवती ‘ज्यू सल्लागारांची टोळी’ आहे म्हणाला तेव्हा कुठला बाणेदारपणा होता?

काथ्याकुटे
ते वाक्य घाणेरडं होतं. त्याची वकिली मी करणार नाही, इराक युद्धाला त्याचा विरोध बरोबर होता तरीही.
हमरस्त्याचं म्हणाल तर २०१४ ला उतरले आणि २०१५ ला ५९ पैकी ५६ जागा एसएनपीला देऊन परत चढले. लिन्लिथगोसकट.

शेलारखिंड
बरं बाबा. मंत्री न होता मंत्र्यांना घाम फोडला, हे मान्य. लिहून घ्या, फ्रेम करा. बाथगेटचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

लिव्हिंग्स्टनकर
मिळालंय, तुम्हाला आवडलं नाही एवढंच.

आर्थरसीटवाला
टायनकाठी, तुमच्या माहितीसाठी : २०२१ पासून युरोपच्या नव्या मुलांना परदेशी दराने फी लागते, तुमच्याहून जास्त. झालं समाधान?

टायनकाठी
माझी मुलगी २०२० ला पास होऊन बाहेर पडली. समाधान कसलं डोंबलाचं.