मदत हवी आहे: अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते (अँड्रॉइड)

मंडळी, प्रश्न बाबांच्या फोनचा आहे. वय ७४, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक अक्षरात 'घ' आणि 'ध' त्यांना सारखेच दिसतात. दोन बोटांनी पान मोठं केलं की अक्षर छान दिसतं, पण ओळ पडद्याच्या बाहेर जाते. मग प्रत्येक ओळीला पान उजवीकडे ओढा, परत डावीकडे आणा, आणि तोवर कुठली ओळ वाचत होतो तेच विसरायला होतं.

त्यांच्या जुन्या फोनवर (अँड्रॉइड ४.१) असं होत नसे. मोठं केलं की मजकूर आपोआप पडद्याच्या रुंदीत बसायचा. इतकी साधी सोय नव्या फोनच्या ब्राउझरमध्ये मला कुठेच सापडेना.

करून पाहिलेले उपाय: सेटिंग्जमधून अक्षराचा आकार वाढवला, तर मेनूबिनू सगळंच फुगलं. रीडर व्ह्यू उत्तम आहे, पण त्यात फक्त लेख येतो, खालचे प्रतिसाद गाळले जातात. आणि बाबांना लेखापेक्षा प्रतिसादांतली भांडणं वाचायची असतात! फोनचं भिंग वापरलं, तर पुन्हा तीच ओढाताण.

जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा. दुसरा ब्राउझर टाकायची तयारी आहे, फक्त मराठी नीट दिसायला हवं.

प्रतिसाद १
ऑपेराचा अँड्रॉइड ब्राउझर टाका आणि सेटिंग्जमध्ये 'टेक्स्ट रॅप' चालू करा. तुम्ही म्हणताय तेच होईल. पाच वर्षं वापरतोय.

प्रतिसाद २
+१. तुम्हाला भास झालेला नाही, ती सोय खरंच होती. २०१३ साली अँड्रॉइड ४.४ आलं, तेव्हा ॲपच्या आत वेबपानं दाखवणारा वेबव्ह्यू क्रोमियमवर (क्रोम ब्राउझर ज्यावर बनलाय, त्या मुक्त सॉफ्टवेअरवर) नेला गेला आणि मजकूर अरुंद रकान्यात बसवायची जुनी पद्धत त्यातून गेली. आता पानं मोबाइलसाठीच बनतात, मग हवंय कशाला, असं उत्तर मिळतं. पण मोबाइलसाठी बनवलेलं अक्षरही ७४ वर्षांच्या डोळ्यांना बारीकच असतं, त्याचं काय? गंमत म्हणजे ऑपेराही क्रोमियमवरच चालतं, म्हणजे अशक्य काही नाही.

एक सूचना: ओळी नव्याने मोडल्या की वाचत असलेलं वाक्य वर-खाली सरकतं. त्यामुळे वाचायला सुरुवात करण्याआधीच हवं तेवढं मोठं करून घ्यायला सांगा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! काल रात्री लावून दिलं. पहिल्यांदा वाक्य पळालं तेव्हा बाबा वैतागले, पण 'आधी मोठं करा, मग वाचा' हे सांगितल्यावर जमलं. साडेअकरापर्यंत वाचत होते. आज सकाळी विचारत होते, "आपल्याला यात उत्तर कसं लिहिता येईल?" मराठी कीबोर्डसाठी वेगळा धागा काढतो.