पुण्याचे ऊन ब्लेंडरमध्ये: दुपारी बाराला सावली तिरपी का?

प्रश्न: कोथरूडमधील एका बंगल्याच्या मॉडेलसाठी ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमधील, ठिकाण आणि वेळेनुसार सूर्य मांडणाऱ्या सन पोझिशन अ‍ॅड-ऑनमध्ये अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६ आणि २१ जून ही तारीख भरली आहे. दुपारी बाराला सावली पश्चिमेकडे झुकते, शिवाय उत्तरेच्या खिडकीवर ऊन पडते. कोठे चुकत असावे?

उत्तर १: चूक दिसत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने पुणे तिच्या सुमारे ३५ मिनिटे मागे पडते. त्यामुळे खरी मध्यान्ह साडेबारा उलटल्यावरच होते. उत्तरेचे ऊनही बरोबर आहे, कारण त्या दिवशी सूर्याची उत्तर क्रांती (विषुववृत्ताच्या उत्तरेचे अंतर) २३.४४ अंश, म्हणजे पुण्याच्या अक्षांशाहून अधिक असते. (जूनच्या ढगांतून ते दिसेल तेव्हा खरे!) बाराला सूर्य क्षितिजापासून ८० अंशांवर असल्याने दीड फुटी छज्जाही ते अडवतो. टाइम झोनच्या रकान्यात मात्र ५.५ (ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे) आहे ना, हे पाहावे.

उत्तर २: प्लॉटची उत्तर दिशा मॉडेलच्या वाय अक्षाशी जुळत नसेल, तर नॉर्थ ऑफसेट (उत्तर दिशा फिरवण्याचा कोन) द्यावा. पडताळ्यासाठी २१ डिसेंबर निवडावा; मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४८ अंशांवर यायला हवा.