मदत हवी आहे: घरी चांदीच्या बाळ्या करायच्यात, टांका न मारता (म्हणजे सांधा तापवून न जोडता) कुठवर जाता येईल?

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, सुदामानगरात राहते. मोती ओवणं, तारेत मणी घालून कानातले करणं हे बऱ्यापैकी येतं पण ते सगळं तयार आकडे आणून. आता खऱ्या चांदीत काम करायचंय आणि त्याला कारण माझी भाची. काहीही घातलं की दुसऱ्या दिवशी कानाची पाळी लाल, खाज, मग पाणी यायला लागतं. मागे एका दुकानातून तिला 'सिल्व्हर' म्हणून झुमके घेतले ते जर्मन सिल्व्हर निघाले. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालासुद्धा नसते, तांबं, जस्त आणि निकेल, आणि ह्या निकेलचीच कित्येकांना अॅलर्जी असते. दुकानदार म्हणाला सगळेच ह्याला सिल्व्हर म्हणतात. मला हे बिलकुल पटत नाही, पोरींच्या कानात जाणारी वस्तू आहे, काय आहे ते सांगून विका ना.

तर ठरवलंय की निदान कानाच्या भोकातून जाणारी तार तरी स्वतः करायची, 925 ची, म्हणजे हजारात 925 भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. 999 वाली शुद्ध चांदी पण मिळते पण ती फार मऊ, आकडा चारदा काढला-घातला की उघडतो म्हणतात.

थोडी चौकशी करून झालीये. बड्या सराफ्यात एका कारागिराकडे गेले होते (रात्री खाण्याच्या गाड्या लागतात तोच सराफा, पण ह्या कामाला दुपारी जा, कारागीर निवांत बोलतात). त्यांनी माझ्यासमोर जंतरातून (लहान-मोठी भोकं असलेली लोखंडी पट्टी) तार ओढून दाखवली, एकेका भोकातून ओढली की तार बारीक होत जाते आणि लांब होत जाते आणि मध्येच कडक झाली की परत तापवायची. कानासाठी 20 गेज घ्या म्हणाले, म्हणजे साधारण 0.8 मिमी. घरी येऊन हिशोब केला, ह्या तारेचा एक मीटर जेमतेम सव्वापाच ग्रॅम भरतो. दोन सेंमी व्यासाच्या बाळीला आकड्यासकट सात सेंमी तार धरली तर जोडी पाऊण ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक जोडी बिघडली तरी फार नुकसान नाही, आणि तुकडे ते कारागीर परत घेतात.

आता अडलंय ते असं. पेनाच्या नळीवर तार गुंडाळून गोल छान येतो पण बाळी मऊ राहते, दाबली की अंडाकृती होते, ती कडक कशी करायची? दुसरं म्हणजे टांका मारायला शिकणं भागच आहे का, आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, टॉर्च पेटवायची भीती वाटते, विशेषतः घरात लहान मूल असताना. आणि तिसरं, आजीच्या तुटक्या तोरड्या पडून आहेत, त्या वितळवून तार काढून घेतली तर चालेल का? आजीची चांदी भाचीच्या कानात जावी असं फार मनात आहे.

शेवटी मला कुडी करायचीय, मोत्यांची, चांदीच्या तारेतली. पण आधी साधी बाळी नीट येऊ दे.

प्रतिसाद (वडोदरा)

ताई, बाळीसाठी टांका लागतच नाही, एकच तार, एक टोक आकडा आणि दुसऱ्या टोकाला डोळा वळवायचा. कडक करायला लाकडी किंवा नायलॉनची हातोडी घ्या, लोखंडी ठोकळ्यावर बाळी ठेवून सगळीकडून हलकेच ठोकत जा, धातूच्या हातोडीने तार चपटी होते, लाकडीने होत नाही पण कडक होते. चांदीचा स्वभावच असा की ठोका, वळवा, ओढा, ती कडक होते आणि तापवली की परत मऊ. म्हणून ठोकणं सगळ्यात शेवटी, आकार पक्का झाल्यावर. फार ठोकलीत तर मात्र वळणावर चिरते.

आणि कानात जाणारं टोक! ह्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. कटरने कापलेली तार टोकाला धारदार असते, डोळ्यांना दिसत नाही पण रोज भोकातून जाताना आतून ओरखडते, आणि मग आपण म्हणतो चांदी सोसत नाही. आधी बारीक कानस, मग 400, 800, 1200 नंबरचा पॉलिश पेपर, टोक गोल होईपर्यंत. ओठांवर टोक फिरवून बघा, जरा जरी टोचलं तरी परत घासा.

सुरुवातीचा सराव त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेवर करा, हाताला जवळपास तशीच लागते. फक्त ती कानात घालू नका.

प्रतिसाद (इंदूर)

टांक्याबद्दल लिहितो, आमच्याकडे हे घरचं काम. टांका म्हणजे चांदीतच तांबं-जस्त घालून केलेला, चांदीच्या आधी वितळणारा धातू. 925 चांदी 800 अंशांच्या आसपास वितळायला लागते (पूर्ण वितळते 890 च्या पुढेमागे) आणि टांका त्याच्या खाली, म्हणून टांका वितळतो तेव्हा दागिना पण वितळायच्या जवळ आलेला असतो. नवीन माणसाची तार गोळा होते ती इथेच. सांध्यावर ज्योत रोखून धरायची नाही, पूर्ण वस्तू फिरवत फिरवत तापवायची, टांका उष्णतेकडे पळतो. सांधा आधीच घट्ट बसलेला पाहिजे, मधून उजेड दिसत असेल तर टांका तो भरून काढणार नाही. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, लावायचा (आपल्या सियागंज बाजारात सुहागा म्हणून मागा) नाहीतर टांका पसरतच नाही.

टांका घेताना कॅडमियम नसलेलाच द्या असं स्पष्ट सांगा. कॅडमियमवाला लवकर वितळतो, काम सोपं होतं, पण त्याचा धूर विषारी असतो आणि घरात लहान मूल असेल तर हा विषयच नको. तापवल्यावर काळी पडलेली चांदी कोमट पाण्यात सायट्रिक अॅसिड घालून (किराण्यात नींबूसत) साफ होते, काचेच्या भांड्यात करा आणि ते भांडं परत स्वयंपाकात नको. त्यात लोखंडी चिमटा घालू नका, द्रावणातलं तांबं चांदीवर चढून ती गुलाबी पडते. तांब्याचा किंवा लाकडी चिमटा वापरा.

तिसऱ्या मजल्यावर टॉर्च चालते पण विटेवर, खिडकी उघडी ठेवून, केस बांधून, सुती कपडे घालून आणि मूल घरात नसताना. मला विचाराल तर पहिले काही महिने टांक्याच्या वाटेला जाऊच नका.

तोरड्यांचं म्हणाल तर जुन्या तोरड्यांत कडी-कडीला टांका असतो, वितळवल्यावर तो सगळा चांदीत मिसळतो आणि त्यात काय काय होतं ते कळत नाही. वरवर टंच (चांदी किती शुद्ध आहे ती तपासणी) काढून उपयोग नाही, समोर गाळून मग टंच काढायला लावा. कमी निघाली तर शुद्ध करून परत 925 बांधून देतात, थोडी घट जाते. न गाळता तशीच तार ओढून कानात घालायला मी तरी सांगणार नाही, ज्या पोरीचा कान आधीच नाजूक आहे तिला तर नाहीच.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. लाकडी हातोडीने ठोकून बघितलं, खरंच फरक पडतो, आधी बोटाने दाबली की दबलेलीच राहायची, आता सोडली की टणकन परत गोल होते. टोकाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, भाचीच्या जुन्या बाळीचं टोक भिंगातून पाहिलं तर एका बाजूला बारीक कंगोरा उभा. ती बाळी काढून ठेवली.

तोरड्या समोर बसूनच गाळून घेईन. कुडीबद्दल एकच विचारायचंय, मोत्याच्या भोकातून 20 गेज जातच नाही, काय वापरता?

प्रतिसाद (वडोदरा)

24 गेज, अर्धा मिमी. कानातली दांडी 20 चीच ठेवा आणि मोती 24 ने तिला गुंडाळून बांधा, ह्यात पण टांका नाही. पुढे कधी टांका मारलात तर तापवणं, नींबूसतात टाकणं, घासणं सगळं उरकून मगच मोती चढवा, मोती आच सोसत नाही आणि आंबटात विरघळतो. पहिली कुडी झाली की फोटो टाका.