शब्दचर्चा : चित्र ‘रूपकात्मक’ की ‘प्रतीकात्मक’?

देशाला किंवा एखाद्या मूल्याला स्त्रीरूप देणाऱ्या चित्राला काय म्हणावे, असा प्रश्न आहे. हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण मी ‘रूपकात्मक’ म्हणेन, आणि त्यासाठी फ्रेंच चित्रकार यूजेन देलाक्रुआ (१७९८–१८६३) याचे १८२६ सालचे ‘मिसोलोंगीच्या अवशेषांवरील ग्रीस’ हे चित्र पाहावे.

ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात, दीर्घ वेढ्यानंतर त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑटोमन (तुर्की) फौजांच्या हाती पडलेल्या मिसोलोंगी शहराच्या ढिगाऱ्यावर ग्रीक वेशातली एक स्त्री गुडघा टेकून, दोन्ही हात पसरून बसली आहे. खाली दगडांमधून एका मृताचा हात बाहेर आला आहे आणि मागे अंधारात विजयी सैनिक उभा आहे. रूपक अलंकारात उपमेय आणि उपमान यांचा अभेद असतो. ही स्त्री ग्रीससारखी नाही, ती ग्रीसच आहे. तो हात मात्र रूपक नव्हे. तो एका मेलेल्या माणसाचा हात आहे.

त्याच युद्धातल्या, खिओस या ग्रीक बेटावरच्या हत्याकांडाचे दोन वर्षे आधीचे ‘खिओसची कत्तल’ हे प्रचंड चित्र घ्या : त्यात देलाक्रुआने नुसती होरपळलेली माणसे रंगवली होती, रूपकाला तिथे जागाच नव्हती. मिसोलोंगीच्या चित्रात रूपक आले, पण एकाकी आणि हतबल. फ्रान्समधल्या १८३०च्या जुलै क्रांतीवरच्या चित्रात तसेच स्त्रीरूपातले, पण आता स्वातंत्र्याचे रूपक बंदूक आणि तिरंगी निशाण घेऊन, प्रेते ओलांडत, खऱ्याखुऱ्या पॅरिसकरांच्या पुढे चालू लागते. या स्त्रीच्या डोक्यावरची फ्रिजियन टोपी (टोक पुढे झुकलेली मऊ टोपी) हे प्रतीक : ती स्वातंत्र्याकडे निर्देश करते, स्वतः काही करत नाही.

जुलै क्रांतीच्या या चित्राच्या शीर्षकाचे मराठी करताना आणखी एक अडचण येते. फ्रेंचमध्ये स्वातंत्र्यवाचक शब्द स्त्रीलिंगी आहे, तर मराठीत ‘स्वातंत्र्य’ नपुंसकलिंगी. त्यामुळे ‘लोकांचे नेतृत्व करणारे स्वातंत्र्य’ म्हटले की बाईच नाहीशी होते. ‘स्वातंत्र्यदेवता’ हा रुळलेला शब्द त्यातल्या त्यात बरा, जरी त्याने ती जरा जास्तच सोवळी वाटते. देलाक्रुआने तिच्या काखेतले केसही रंगवले आहेत, आणि तेव्हाच्या समीक्षकांना ते खटकलेही होते.

‘प्रतीकात्मक’ टाळण्याचे दुसरे कारण अगदी व्यावहारिक आहे : वृत्तपत्रांत ‘प्रतीकात्मक छायाचित्र’ म्हणजे घटनेचा खरा फोटो नव्हे, असा अर्थ आता पक्का झाला आहे.