सोनोग्राफी नॉर्मल होती, मग जठराचा कॅन्सर कसा निघाला? आणि आभा कार्डात काहीच का दिसत नाही?

कुर्डुवाडीची_लेक:

सगळ्यांना नमस्कार. पहिल्यांदाच इथे लिहितेय, थोडं लांबेल, समजून घ्या.

माझे मामा, वय ५६, शेती आणि खताचं दुकान. गेल्या दिवाळीनंतर त्यांना सारखी ॲसिडिटी, जेवण जाईना, दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायचे. मामी म्हणायच्या दुकानातल्या वासाने होत असेल. आम्ही त्यांना शहरात नेऊन फुल बॉडी चेकअपचं पॅकेज केलं, त्यात पोटाची सोनोग्राफी पण होती, रिपोर्ट नॉर्मल आला आणि आम्ही सगळे निवांत झालो. रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची कॅप्सूल चालू ठेवली, त्याने बरं पण वाटत होतं त्यांना. सहा महिन्यांनी शी काळी व्हायला लागली, जिना चढताना धाप, हिमोग्लोबिन ७ वर आलं, तेव्हा कुठे तोंडातून दुर्बीण घातली (एंडोस्कोपी) आणि जठरात गाठ दिसली. तुकडा तपासायला पाठवला तो कॅन्सरचाच निघाला. सध्या केमो चालू आहे, मग ऑपरेशन करू म्हणालेत.

माझे प्रश्न असे की सहा महिन्यांपूर्वीच्या सोनोग्राफीत हे दिसलं कसं नाही? बघणाऱ्याची चूक होती का? आणि माझी आई त्यांची सख्खी बहीण, वय ५२, तिची आता दरवर्षी सोनोग्राफी करून घ्यायची का?

अजून एक. नवीन हॉस्पिटलमध्ये आधीच्या सोनोग्राफीचे फोटो मागितले, आम्ही फाईल उघडली तर ते चकचकीत कागदावरचे चार फोटो पार उडून गेलेत, नुसतं करडं दिसतंय. मामांचं आभा कार्ड, म्हणजे सरकारचं ते आरोग्याच्या रेकॉर्डचं कार्ड, काढलेलं आहे, मोबाईलवर उघडून बघितलं तर आत काहीच नाही. सगळ्या तपासण्या परत कराव्या लागल्या. मग तो १४ आकडी नंबर नेमका कशासाठी असतो?

आबा_कराड:

ताई वाचून वाईट वाटलं, मामा लवकर बरे होवोत. आईंची सोनोग्राफी दरवर्षी करायला काय हरकत आहे, रेडिएशन नसतं, दुखत नाही, खर्च पण फार नाही. आमच्याकडे पन्नाशीनंतर सगळ्यांची करतो आम्ही वर्षातून एकदा.

प्रोब_हातात_सांगली:

मी रेडिओलॉजिस्ट आहे, चौदा वर्षं रोज सोनोग्राफी करतोय. आबा, तुमचा हेतू चांगला आहे पण जठराच्या कॅन्सरसाठी दरवर्षी सोनोग्राफी हा सल्ला मी कुणालाच देणार नाही, कारण त्याने खोटा धीर मिळतो आणि ताईंच्या मामांच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी आत जातात आणि अवयवांवर आपटून परत येतात, त्याचं चित्र बनतं. लिव्हर, किडनी, प्लीहा हे भरीव अवयव, ते छान दिसतात. जठर म्हणजे पिशवी आणि त्यात हवा. लहर हवेला लागली की तिथूनच परत फिरते, मागचं काही दिसत नाही. त्यात आम्ही पेशंटला उपाशीपोटी बोलावतो, का तर पित्ताशय भरलेलं असावं आणि गॅस कमी असावा म्हणून, पण रिकामं जठर चुरगळलेल्या पिशवीसारखं पडलेलं असतं. त्याच्या आतल्या अस्तरावर नखाएवढा बदल असेल तर तो पोटावरून प्रोब फिरवून सापडणार नाही, कुणाच्याही हाताला नाही. म्हणून ताई, बघणाऱ्याची चूक होती असं मी लगेच म्हणणार नाही. आम्हाला जे दिसतं ते उशिराचं असतं, म्हणजे भिंत खूप जाड झालेली, लिव्हरवर डाग, पोटात पाणी, बायकांमध्ये कधी कधी ओव्हरीत पसरलेली गाठ. तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो.

चीनमध्ये एक पद्धत वापरतात, पेशंटला अर्धा लिटरच्या आसपास धान्याच्या पिठापासून केलेलं घट्टसर द्रव प्यायला देतात, त्याने जठर फुगतं, हवा बाजूला होते आणि मग पोटावरून सोनोग्राफी करून भिंतीचे थर बघतात. दुर्बिणीला घाबरणाऱ्या लोकांसाठी तिथे ती बऱ्यापैकी चालते. पण त्यात काही संशयास्पद दिसलं तरी तुकडा घ्यायला शेवटी दुर्बीणच लागते. आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड म्हणून जे ऐकता ती वेगळी गोष्ट, तिच्यात दुर्बिणीच्या टोकालाच छोटा प्रोब असतो, जठराची भिंत आतून पाच थरांत दिसते आणि गाठ कुठल्या थरापर्यंत गेलीय ते कळतं. ती कॅन्सर सापडल्यावर किती खोल आहे हे ठरवायला करतात, सरसकट सगळ्यांची तपासणी करायला नाही.

आईंबद्दल सांगतो. सख्ख्या भावाला झाला असेल तर धोका साधारण दोन-तीन पट धरतात, त्यामुळे पोटविकारतज्ज्ञांना भेटून एकदा दुर्बीण करून घ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करा. १९९४ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलंय. आपल्याकडे हा जंतू खूप लोकांच्या पोटात असतो, त्यातल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, पण घरात असं झालं असेल तर तो औषधं देऊन काढलेला बरा. आई ॲसिडिटीच्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, त्या साधारण दोन आठवडे बंद करून ही तपासणी करावी लागते, नाहीतर जंतू असून नाही असं येऊ शकतं. मामांना कॅप्सूलने बरं वाटलं ना, तेही असंच, गोळीने त्रास दबतो आणि आजार आत वाढत राहतो. चाळिशी-पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली ॲसिडिटी, वजन उतरणं, दोन घासात पोट भरणं, काळी शी, रक्त कमी होणं, यातलं काहीही असेल तर सोनोग्राफीवर थांबू नका, थेट दुर्बीण.

एक गोष्ट मला बरेच दिवस बोलायची होती. गरोदर बाईची सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्याचा एफ फॉर्म आम्ही भरतो, त्यात एक रकाना चुकला तरी चालत नाही आणि ते योग्यच आहे. पण पोटाच्या रिपोर्टला "जठर नीट दिसलं का" असा रकानाच नाही. कुणी लिहितो "गॅसमुळे दिसलं नाही", कुणी काहीच लिहीत नाही, आणि खाली ठळक अक्षरात "विशेष दोष आढळला नाही". पेशंट ते वाचून घरी जातो. मी स्वतः गेल्या काही वर्षांपासून प्रत्येक रिपोर्टवर लिहितो की या तपासणीने जठर आणि आतड्याचा आजार नाकारता येत नाही. लोक विचारतात डॉक्टर हे का लिहिलंय, मग सांगावं लागतं, पण सांगतो.

नागोयाकर:

मी जपानला अकरा वर्षं आहे म्हणून इकडचं सांगतो. इथे जठराचा कॅन्सर पूर्वीपासून खूप, त्यामुळे १९८३ पासून कायद्याने सरकारी तपासणी आहे. कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये बेरियमचा एक्सरे असतो. आधी फसफसणारी पावडर देतात, पोट फुग्यासारखं फुगतं, ढेकर द्यायचा नाही म्हणून बजावतात, मग पांढरं खडूसारखं बेरियम प्यायचं आणि टेबलावर उजवीकडे डावीकडे पालथं असं फिरत राहायचं. नंतर जुलाबाच्या गोळ्या. २०१६ पासून पन्नाशीच्या वरच्यांना दोन वर्षांतून एकदा दुर्बिणीचाही पर्याय दिलाय. कोरियात तर चाळिशीपासूनच दर दोन वर्षांनी आहे. यात सोनोग्राफी कुठेच नाही बघा, पोटाची सोनोग्राफी असते पण ती लिव्हर-पित्ताशयासाठी.

आपल्याकडे सरसकट दुर्बीण करायची गरज नाही असं मला वाटतं, कारण एकूण प्रमाण तितकं नाही. ईशान्येला, विशेषतः मिझोरममध्ये ऐझॉलला ते खूप जास्त आहे, तिथे धुरवलेलं मांस, साउम नावाची डुकराची आंबवलेली चरबी, तंबाखूच्या धुराचं पाणी अशा गोष्टींशी संबंध लावतात. आपल्या सरकारी तपासणीत तीस वर्षांवरच्या लोकांसाठी तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, जठराचा नाही. म्हणजे आपल्याकडे लक्षणं ओळखून स्वतःच जायला हवं.

रांगोळी_नि_कोड:

सोनोग्राफीचं डॉक्टरांनी छान सांगितलंय, मी आभाचं सांगते, पुण्यात हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. ताई, सगळ्यात आधी हे की आभा आणि आयुष्मान कार्ड वेगळं, अर्धे लोक इथेच अडकतात, आयुष्मान म्हणजे उपचाराचा खर्च आणि आभा म्हणजे तुमच्या रेकॉर्डचा नंबर. आणि दुसरं म्हणजे आभात कुठे दिल्लीला सगळे रिपोर्ट साठवलेत असं नसतं, रिपोर्ट ज्या हॉस्पिटलने केला त्यांच्याकडेच राहतो, तुम्ही संमती दिलीत की तिथून दुसरीकडे जातो, आणि किती दिवसांसाठी द्यायचा ते पण तुम्हीच ठरवता. पण त्यासाठी त्या सेंटरचं सॉफ्टवेअर जोडलेलं पाहिजे आणि चेकअपच्या दिवशी काउंटरवर मामांचा नंबर टाकून रिपोर्ट त्याला जोडलेला पाहिजे. तो नंबर कुणी विचारलाच नसेल तर आत काही दिसणार नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ही योजना देशभर सुरू झाली, मोठ्या ठिकाणी हळूहळू होतंय पण गल्लीतल्या सेंटरपर्यंत जायला अजून बराच पल्ला आहे.

आता जे मला खरं बोलायचंय ते. समजा मामांचा रिपोर्ट जोडलेला असता तरी बहुतेक करून तो पीडीएफ म्हणून गेला असता, म्हणजे कागदाचा फोटो इकडून तिकडे, माणूस वाचेल पण कॉम्प्युटरला आत काय आहे ते कळत नाही. कॉम्प्युटरवर आरोग्याच्या नोंदी कशा ठेवायच्या याचं मानक आपल्याकडे नाही असं अजिबात नाही. २०१३ ला पहिल्यांदा आलं, २०१६ ला सुधारलं, रोग आणि अवयवांच्या नावांसाठी स्नोमेड ही कोडची यादी आहे आणि २०१४ पासून भारत त्याचा सभासद असल्यामुळे आपल्याला ते फुकट वापरता येतं, लॅबच्या तपासण्यांना लॉइंक, फोटोंना डायकॉम, आणि हे सगळं एका पाकिटात घालून पाठवायला फायर. हे नीट लावून देणारं राष्ट्रीय केंद्र तर इथे पुण्यात सीडॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेतच आहे. स्नोमेडमध्ये जठराला स्वतःचा नंबर आहे, ६९६९५००३, तुम्ही त्याला जठर म्हणा, स्टमक म्हणा, नंबर एकच.

डॉक्टर, तुम्ही जो रकाना म्हणताय ना तो फायरमध्ये आहे! निरीक्षण पाठवताना त्यात भरायला काही उत्तर नसेल तर "का नाही" याचं कारण भरायची वेगळी जागा दिलेली आहे. म्हणजे "बघितलं, ठीक आहे" आणि "बघता आलं नाही" या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाठवता येतात. मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा हाच विचार आला की आपल्या रिपोर्टात या दोन्हींना एकच शब्द आहे, नॉर्मल. मामांच्या रिपोर्टात जठरासमोर "दिसलं नाही" असं कोडमध्ये गेलं असतं आणि केस पेपरवर "वय ५६, दोन घासात पोट भरतं" हे पण कोडमध्ये असतं तर पुढच्या डॉक्टरच्या स्क्रीनवर दोन्ही शेजारी आलं असतं. हे जमण्यासारखं आहे, अडतं ते टाइप करणाऱ्या माणसापाशी, कारण दिवसाला साठ रिपोर्ट आणि टेम्प्लेट जुनंच, नाव बदलायचं आणि प्रिंट मारायची. आम्ही स्क्रीनवर एक टिक वाढवली तरी लोक वैतागतात, आणि त्यांचं पण चुकत नाही.

आणि ताई तुम्ही कुर्डुवाडीच्या म्हणून मुद्दाम सांगते, तुमच्या शेजारी बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी चालू आहे. बार्शी, परंडा, भूम मिळून साडेतीनशेच्या आसपास गावं, आणि कॉम्प्युटर नसताना माणसं गावोगाव जाऊन सरपंचाला, शिक्षकाला, म्हाताऱ्या बायकांना विचारायची की कुणाला गाठ आलीय का, कुणाच्या अंगावरून जातंय का, कुणाला गिळता येत नाही का. पेशंट हॉस्पिटलला येईल तेव्हा नोंद करू असं म्हणत बसले नाहीत. मला आमच्या कामात ते कायम आठवतं, कारण नोंद चांगली व्हायला आधी कुणीतरी नीट प्रश्न विचारावा लागतो.

आबा_कराड:

डॉक्टर, धन्यवाद. मला खरंच वाटत होतं की पोटाची सोनोग्राफी म्हणजे पोटातलं सगळंच दिसतं. माझ्या थोरल्या भावाला तीन महिन्यांपासून जेवण कमी झालंय, आम्ही सोनोग्राफी बघून सोडून दिलं होतं. सोमवारी घेऊन जातो.

कुर्डुवाडीची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दोनदा वाचून काढलं आणि आईला पण वाचून दाखवलं. मामांचा जुना रिपोर्ट परत काढून बघितला. लिव्हर, पित्ताशय, स्वादुपिंड, किडन्या, प्लीहा, मूत्राशय, प्रोस्टेट, प्रत्येकाची वेगळी ओळ आहे. जठराचं नावच नाही. सहा महिने आम्ही त्या कागदावर विसंबून होतो आणि त्यात ते लिहिलेलंच नव्हतं.

आईची गुरुवारची दुर्बीण ठरलीय, ती घाबरलीय पण तयार झाली. तिची गुडघ्याच्या गोळ्यांबरोबरची ॲसिडिटीची गोळी चालू होती ते डॉक्टरांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले दुर्बीण ठरल्याप्रमाणे करू आणि जंतूची तपासणी गोळी बंद करून दोन आठवड्यांनी वेगळी करू.

रांगोळी ताई, एकच विचारायचंय, मामांचा आता सीटी स्कॅन झालाय, त्याचे फोटो पण असेच उडून जातील का? काय मागून घेऊ?

रांगोळी_नि_कोड:

फिल्म त्या कागदासारखी लगेच उडत नाही पण नुसत्या फिल्मवर राहू नका. काउंटरवर सीडी किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम फाईल मागा, असंच म्हणा, डायकॉम पाहिजे. मोबाईलवर फोटो पाठवतो म्हणाले तर तो नको, त्यात डॉक्टरला मोजमाप घेता येत नाही. आणि तिथेच मामांचा आभा नंबर द्या, रिपोर्ट जोडा म्हणून सांगा, घरी यायच्या आधी मोबाईलवर उघडून दिसतोय का बघा. नाही दिसला तर काउंटर सोडू नका. गुरुवारचं झालं की कळवा.